मासळीच्या टाकाऊ भागांचे द्रवखत : एका वर्षाच्या वापरानंतर

रत्नागिरी तालुक्यातल्या एका बंदरालगत महिला बचत गट मासळीची डोकी, आतडी आणि कल्ले यांपासून द्रवखत तयार करतो. गेल्या ऑक्टोबरपासून ते मी आमच्या वाडीत वापरतो आहे. वाडी लहान आहे : 18 माड, 6 हापूसची कलमे, थोड्या पोफळी आणि परसात भाजीचे वाफे. 5 लिटरचा कॅन 600 रुपयांना मिळतो आणि रिकामा कॅन धुऊन परत नेला की पुढच्या खरेदीत 40 रुपये कमी होतात. वर्षभरात असे 7 कॅन संपले आणि प्रत्येक वेळी तेच कॅन पुन्हा भरून मिळाले.

मासळीचे खत कोकणाला नवे नाही. माडाच्या आळ्यात सुकी मासळी पुरण्याची रीत जुनीच आहे. पण त्यात बहुतेकदा अख्खी मासळी जात असे, आणि ती खारवलेली असेल तर मीठही मुळांशी जाई. या खताचे वेगळेपण नेमके इथे आहे. बांगडा साफ केला की वजनाचा तिसरा हिस्सा तरी बाजूला पडतो, आणि तोच हिस्सा गट बाजारातल्या मासे कापणाऱ्या बायकांकडून दुपारच्या आत गोळा करतो. पूर्वी तो गटारात किंवा पुळणीवर टाकला जात असे आणि त्यावर कुत्री व घारी तुटून पडत.

खरेदीपूर्वी मी त्यांच्या शेडमध्ये जाऊन काम पाहिले. निळ्या पिंपांत आतड्यांचा आणि चिरलेल्या गुळाचा वजनाला वजन थर देतात, तोंडाला जाळीचे कापड बांधतात आणि रोज एकदा लाकडी दांड्याने ढवळतात. मासळीच्या आतड्यांतच तिचे मांस विरघळवणारी पाचके असतात; गुळावर पोसणारे जिवाणू आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणामुळे कुजवणाऱ्या जिवाणूंना वाव मिळत नाही. मुरलेल्या पिंपाला म्हणून आंबट-गोड वास येतो, सडक्या मासळीचा येत नाही. खवले मात्र विरघळत नाहीत. त्यांसाठी वेगळी टोपली होती आणि एक मावशी तळहाताने ते पिंपाच्या काठावरून निपटून टोपलीत टाकत होत्या. काटे गाळून, वाळवून त्यांची भुकटी करतात आणि ती स्वतंत्र विकतात.

मला एकच शंका होती आणि ती मी स्पष्टपणे विचारली : कच्चा माल कमी पडला तर तुम्ही बारीक मासळी विकत घेऊन पिंपात घालता का? ट्रॉलरच्या जाळ्यात सापडणारी बारीक मासळी, म्हणजे कुटा, फिशमीलच्या (मासळीच्या भुकटीच्या) कारखान्यांकडे जाते आणि तिथून कोळंबीच्या व कोंबड्यांच्या खाद्यात. त्या कुट्यात मोठ्या होऊ शकणाऱ्या माशांची पिल्लेही असतात. टाकाऊ मालाला गिऱ्हाईक मिळाले की तो माल मुद्दाम पकडला जाऊ लागतो, हा या सगळ्या धंद्यातला खरा धोका आहे. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवले, त्यात पापलेटचे 135 मिलिमीटर आहे. आणि त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा घोषित केले. अशा वेळी खतासाठी पिल्ले जात असतील, तर ते खत कितीही चांगले असले तरी मी घेणार नव्हतो. मावशी म्हणाल्या, ‘‘भाऊ, अख्खी मासळी पिंपात घालायला आम्हाला परवडेल का? ती विकून तर घर चालतं.’’ त्यांनी वहीही दाखवली : रोज कोणाकडून किती किलो आले, त्यात डोकी किती, आतडी किती. जून आणि जुलै या मासेमारीबंदीच्या काळात वहीची पाने जवळजवळ कोरी होती आणि त्या दिवसांत खतही मिळाले नाही. मला ही अडचण वाटली नाही. उलट त्यांच्या शब्दावरचा विश्वास वाढला.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. द्रव काकवीसारखा दाट आणि काळपट आहे, तळाशी गाळ बसतो. फवारणीसाठी 1 लिटर पाण्यात 5 मिलिलिटर घेतो, पण आधी जुन्या सुती धोतराच्या दुहेरी घडीतून गाळावे लागते, नाहीतर पंपाचा नोझल दर दोन टाक्यांना तुंबतो. मुळांशी घालताना थोडे अधिक घेतो आणि लगेच मातीने झाकतो. पहिल्या वेळी तसेच उघडे सोडले, तर रात्रीत मुंगसांनी तीन आळी उकरली. वास दोन दिवस राहतो. शेजार लागून असेल तर संध्याकाळी फवारावे.

मिरची, लाल माठ आणि कढीपत्ता यांवर फरक पंधरवड्यात दिसला : पाने रुंद झाली, रंग गडद आला, कढीपत्त्याला खोडावरून नवे धुमारे फुटले. वांग्यावर मला काही विशेष जाणवले नाही. माडांबद्दल मी काहीच दावा करणार नाही. माडाची पोय, म्हणजे फुलोरा, उमलते तिची घडण झाडाच्या आत दोन वर्षांहून अधिक आधी सुरू झालेली असते आणि त्यानंतर नारळ पक्व व्हायला वर्ष लागते. तेव्हा एका वर्षात ‘‘माड लागला’’ असे सांगणारा कोणीही घाई करतो आहे.

दोन तक्रारी आहेत. जानेवारीतला एक कॅन पुरता मुरलेला नव्हता. गाडीच्या डिकीत वायू साठून तो फुगला, झाकण उडाले आणि गाडी आठवडाभर धुवावी लागली. गटाने दुसरा कॅन विनामूल्य दिला आणि त्यानंतर झाकणावर पिंप भरल्याची तारीख लिहिणे सुरू केले, हे नोंदवलेच पाहिजे. दुसरी तक्रार अजून तशीच आहे : लेबलवर नत्र, स्फुरद, पालाश किंवा क्षार यांचे प्रमाण नाही. जांभ्याच्या उताराच्या जमिनीत पावसाळा क्षार धुऊन नेतो, पण कुंडीत ते साचतात. माझ्या दोन कुंड्यांच्या कडांवर पांढरट पापुद्रा आला, म्हणून कुंड्यांना मी मात्रा निम्मी केली. मासळी विरघळून तिची अमिनो आम्ले होतात, आणि अमिनो आम्लांची उत्पादने 2021 पासून खत नियंत्रण आदेशातील जैव-उत्तेजकांच्या, म्हणजे पिकाची वाढ चेतवणाऱ्या पदार्थांच्या, वर्गात धरली जातात, त्यामुळे हे खत दुकानांतून विकायचे झाले तर गटाला तपासणी टाळता येणार नाही. ती करायला 7-8 बायकांच्या गटाला खर्च झेपणारा नाही, हे मी जाणतो. आम्ही नेहमीचे गिऱ्हाईक मिळून पहिल्या नमुन्याच्या तपासणीचे पैसे भरू, असे मी त्यांना सांगितले आहे आणि चौघांनी होकार दिला आहे.

परसबागेसाठी हे खत मी निःशंकपणे सुचवेन. बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी निम्म्या मात्रेत आणि वासाची तयारी ठेवून. घेताना झाकणावरची तारीख पाहा, कॅन दाबून पाहा, फुगलेला असेल तर नेऊ नका. बंदी उठल्यावर नवी पिंपे ऑगस्टमध्ये भरली जातात, त्यामुळे नीट मुरलेला माल गणपतीनंतरच मिळतो.