जुनं केरिस म्हणून ॲसिडचा गंज विकतात

केरिस म्हणजे जावाचा पारंपरिक खंजीर. फसल्यावर लोक जी केरिसं तपासायला आणतात, ती जवळपास सगळी एकाच रीतीनं म्हातारी केलेली असतात. नवं पातं ॲसिडात बुडवायचं, मग मिठाच्या पाण्यात नाहीतर ओल्या मातीत टाकायचं. सोबत एक कागद: धापुर (घाट), पामोर (पात्यावरची नक्षी) आणि तांगुह (काळ) मजपहित, म्हणजे जावातल्या जुन्या राज्याचा. तांगुह हा मुळात घडणीवरून बांधलेला अंदाज असतो. जावातले जुने लोहार पात्यावर सहसा नाव किंवा साल घालत नसत, तेव्हा ‘पुराव्यासकट’ काळ सांगणाऱ्यापासून आधी सावध व्हा.

पहिली तपासणी धारेची. पातं उभं धरून भिंगातून पाहा. खऱ्या पात्यात मधे पोलादाचा गाभा आणि दोन्ही अंगांना लोखंड व निकेलयुक्त धातू घडवून जोडलेले थर असतात, त्यामुळे धारेला मधोमध एक काळी रेघ दिसते. लोखंडी पट्टी ग्राइंडरवर कापून केलेल्या मालात ती नसते. वळणंही बघा. घडवलेल्या पात्यात पामोरच्या रेषा वळणाबरोबर वळतात, कापलेल्यात सरळ जाऊन कडेला तुटतात. वळणांना लुक म्हणतात आणि ती विषमच असतात. मोजून 8 भरली तर आधी पुन्हा मोजा, कारण मुळाजवळचं पहिलं वळण बहुतेकांच्या नजरेतून सुटतं.

नक्षी उठावी म्हणून पात्याला सोमल आणि लिंबाचा रस लावतात. त्यानं लोखंड काळं पडतं, निकेल पांढरं राहतं. जुन्या पात्यात लोखंड आधी झिजलेलं असतं, म्हणून पामोर नखाला पुष्कळदा किंचित उंच लागतो. ॲसिडनं नुसती रंगवलेली नक्षी सपाट असते, नाहीतर खोल गेलेली. ‘उदान मास’ म्हणजे सोन्याच्या पावसाची वर्तुळं सगळी एकाच मापाची, छापल्यासारखी दिसली तर तिथेच थांबा. (पातं हाताळल्यावर हात धुवा, सोमल विषारी असतं.)

आता मूठ. ती हलकेच फिरवत ओढायची, हातोडी नको. आत ‘पेसी’, म्हणजे गोल शेपटी, कापडात गुंडाळून नुसती घट्ट बसवलेली असते. इपॉक्सी (पक्का गोंद) निघाली किंवा पेसीच्या मुळाशी वेल्डिंगचा मणी दिसला, तर दुरुस्ती तरी झालीय, नाहीतर माल नवा आहे. पात्याच्या बुडाशी आडवा तुकडा असतो, त्याचं नाव ‘गंजा’. नावावरून हसू नका, आपला गंज तिथेच शोधायचाय! गंजा सहसा वेगळा घडवून बसवतात. त्याच्या सांध्यातून ताजी नारिंगी पूड गळत असेल, तर ॲसिड अजून आत काम करतंय. गंजा पात्यासकट अखंड घडवलेली केरिसंही असतात, त्यामुळे सांधा नाही एवढ्यावरून खोटं ठरवू नका.

मूठ काढू द्यायला विकणारा तयार नसतो. ‘आतली शक्ती कोपेल’ म्हणतो, केरिस टेबलावर उभं करून दाखवतो. बूड सपाट आणि तोल नीट असला की कालचं केरिसही उभं राहतं. ‘उल्केच्या लोखंडाचं आहे’ या दाव्याचंही तसंच. जावातल्या प्रांबानानची उल्का खरी, तिथल्याच सुराकार्ताच्या राजवाड्यात ती वापरली गेली हेही खरं, पण जुन्या पामोरसाठी सुलावेसी बेटाचं निकेलयुक्त लोखंडही वापरात होतं. लोहचुंबक दोन्हींना चिकटतो, त्यावरून काही ठरत नाही.

मूठ काढायला नकार मिळाला तर ते केरिस नव्याच्या भावानंच मागा.