पहिलं घरचं हार्ड चीज: गौडा की चेडार?

१० लिटर म्हशीच्या दुधाचा २ किलोच्या आसपास खवा होतो. तेवढ्याच गाईच्या दुधाचं हार्ड चीज होतं जेमतेम १ किलो, आणि तेही तोंडात पडायला दोन महिने नाहीतर वर्षभर थांबायचं. कोल्हापुरात हा हिशोब कुणालाही सांगा, "मग करायचंच कशाला?" हे ठरलेलं. ज्यांना तरीही करायचंय आणि गौडा करावं की चेडार इथं घोडं अडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी दोन्ही केलीत. आधी चेडार केलं, तिथंच चुकलं.

एक आधीच सांगतो. डब्यातलं किंवा क्यूबमधलं चीज म्हणजे तयार चीज वितळवून, त्यात क्षार घालून पुन्हा थिजवलेलं. तशी चव यातल्या कशालाच येणार नाही. आणि काटेकोर बोलायचं तर ताजं गौडा अर्धकठीण, मुरलेलं झालं की कठीण. घरच्या पहिल्या खेपेला हा फरक सोडून द्या.

सुरुवात दोन्हींची सारखीच. दूध ३०-३२ अंशांवर आणायचं, विकतचं कल्चर (दूध आंबवणारे निवडक जिवाणू) घालून पाऊण तास ठेवायचं, मग रेनेट (दूध धरवणारं एन्झाइम). घरचं विरजण नको, त्यात कोणते जिवाणू किती आहेत याचा पत्ता नसतो आणि इथं चीज महिनोन्‌महिने ठेवायचं असतं. रेनेट उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळायचं, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याला मारतं. पाऊण-एक तासात दही कवडीसारखं धरतं. सुरी तिरकी घालून उचलली की स्वच्छ चीर पडली पाहिजे आणि तिच्यात हिरवट निवळी दिसली पाहिजे. मग सुरीनं बारीक चौकोन पाडायचे. इथून वाटा वेगळ्या होतात.

गौडामध्ये निवळीचा तिसरा हिस्सा काढून टाकायचा, त्या जागी गरम पाणी घालत ढवळत ढवळत ३८ अंशांपर्यंत न्यायचं. या पाण्यानं दुधातली साखर धुऊन जाते, म्हणून गौडा आंबट न होता गोडसर राहतं. तुकडे साच्यात भरायचे, रात्रभर दाबाखाली ठेवायचे, दुसऱ्या दिवशी मिठाच्या पाण्यात सोडायचं. १ लिटर पाण्याला २०० ग्रॅमच्या वर खडे मीठ, आणि १ किलोच्या चिजाला आठेक तास. सकाळी आठला बसलात तर दुपारी एकपर्यंत साचा भरून होतो.

चेडारचं तसं नाही. तेही ३८-३९ अंशांपर्यंत तापवायचं, पण निवळी सगळी काढायची. तळाशी जो गोळा बसतो त्याच्या जाड वड्या कापायच्या, एकावर एक रचायच्या आणि दर पंधरा मिनिटांनी उलटायच्या. हे सुमारे दोन तास. नीट जमलं तर वडी फाडल्यावर उकडलेल्या कोंबडीसारखे धागे दिसतात (शाकाहारी मंडळींनी माफ करावं). मग वड्या बोटाएवढ्या चिरायच्या, वजनाच्या २ टक्के मीठ लावायचं आणि साच्यात. रविवार अख्खा गेला म्हणून समजा.

आता खरी मेख. मीठ पडलं की आंबवणारे जिवाणू मंदावतात. चेडारमध्ये मीठ दाबाच्या आधी पडतं, म्हणजे पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ५.३-५.४ ला पोचल्यावरच मीठ घालायचं. आधी घातलंत तर चीज तिथंच अडकतं, नंतर दुरुस्ती नाही. गौडामध्ये मीठ दुसऱ्या दिवशी. दुपारी थोडं कमी आंबलेलं दही रात्रभर साच्यातच आंबून घेतं, तुम्ही झोपलेले असता. ज्याच्याकडे पीएच मीटर नाही आणि हातही बसलेला नाही, त्याच्यासाठी दोघांतला एवढा एक फरक बाकी सगळ्या फरकांपेक्षा मोठा. मी पहिलं चेडार घड्याळ बघून केलं. दोन तास झाले, मीठ घातलं. सहा महिन्यांनी कापलं तर पांढरंफेक, कोरडं, आणि चव खारट पनीरची.

अर्थात त्यात दुधाचाही हात होता. कोल्हापुरात गंगावेशीत संध्याकाळी म्हशी बांधलेल्या असतात, समोर धार काढून पेला हातात देतात. त्या गावात राहून चीज गाईच्या दुधाचं करायचं म्हणजे जिवावर येतं. पण म्हशीच्या दुधात फॅट ६-७ टक्के, केसीन (ज्याचं चीज धरतं ते प्रथिन) आणि कॅल्शियमही जास्त. दही पटकन आणि फार घट्ट धरतं, पाणी सोडतं, चीज टणक होतं. शिवाय हे दूध आंबट व्हायला वेळ घेतं. मुरायलाही उशीर. नेमकं चेडारला जे लागतं तेच इथं रेंगाळतं. गौडा त्या मानानं सोसून घेतं, तरी निव्वळ म्हशीच्या दुधाचं गौडाही मला कोरडंच वाटलं. निम्मं गाय, निम्मं म्हैस घेतलं तेव्हा जमलं. गाईच्या तुपासारखा पिवळा रंग मात्र विसरा, म्हशीच्या दुधात तो नसतोच.

दूध कच्चं वापरू नका. आणि उकळूही नका, हे आपल्याकडं जास्त अवघड. माझ्या दुसऱ्या खेपेचं ८ लिटर दूध आईनं सवयीनं गॅसवर चढवलं. मी बाहेरून आलो तर साय धरलेली. "कच्चं दूध असं उघड्यावर ठेवतंत होय रे?" उकळीनं दुधातली इतर प्रथिनं केसीनला चिकटतात, मग रेनेट घाला नाहीतर काहीही घाला, दही लिबलिबीतच राहतं. घरी ६३ अंशांवर ३० मिनिटं धरून लगेच गार करायचं, झालं पाश्चरायझेशन. पिशवीचं दूध चालतं, पण बहुतेक होमोजिनाइज्ड (फॅटचे कण बारीक फोडलेलं) असतं, दही मऊ धरतं. १० लिटरला २ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळवून घातलं की सुधारतं. टेट्रापॅकचं दूध मात्र अजिबात नाही.

दाबाचं थोडक्यात. गौडा ओलं, कोमट आणि बिनमिठाचं साच्यात जातं, त्यामुळं १० किलोत जुळून येतं. चेडारचे खारवलेले तुकडे सहजी चिकटत नाहीत, २५ किलो आणि वरच. आमच्या पेठेत तालमीची पोरं आहेत, लोखंडी प्लेटा उसन्या मिळाल्या. घरी पाटा असेल तर गौडाचं त्यावर भागेल.

मुरवण्याची जागा हा कोल्हापुरातला दुसरा मोठा प्रश्न. चिजाला हवेत १०-१३ अंश आणि ८०-८५ टक्के दमटपणा. आपल्याकडं एप्रिलात पारा ३५ च्या पुढं, आणि पावसाळ्यात तर भिंतीलाही बुरशी. साधा फ्रिज ४ अंशांवर चालतो, तिथं मुरणं जवळजवळ थांबतं. मधला मार्ग म्हणजे भाजीचा कप्पा, फ्रिज कमीत कमी गार ठेवून. मेण लावलेलं गौडा तिथं दोन-तीन महिन्यांत खाण्याजोगं होतं. चेडारला त्याच कप्प्यात वर्ष लागेल, आणि वर्षभर भाजीच्या कप्प्यावर हक्क सांगणं कुठल्या घरात शक्य आहे ते तुम्हीच बघा. जुना फ्रिज पडून असेल तर बाहेरून थर्मोस्टॅट जोडून १२ अंशांवर लावा, मग चेडारचा विचार करायला हरकत नाही. मेण चिजाचंच घ्या. मेणबत्तीचं मेण तडकतं, तड्यातून बुरशी आत शिरते.

म्हणून माझं मत सरळ आहे. पहिली दोन चिजं गौडा, निम्म्या-निम्म्या दुधाची, नोव्हेंबर ते जानेवारीत, म्हणजे मिठाच्या पाण्यातले तास आणि नंतर वाळवायचे दोन-तीन दिवस ओट्यावरही निभतात. चेडारकडं थेट वळावं ते ज्यांच्याकडं पीएच मीटर आणि वेगळा फ्रिज दोन्ही आहेत, आणि ज्यांना तिखट, जिभेला चावणारी चवच हवी आहे त्यांनी. गौडाला ती चव येत नाही. गरम भाकरीवर किसलेलं गौडा छान लागतं, पण शेजारी ठेचा ठेवलात तर ते बिचारं गप्पच बसतं.

निवळी फेकू नका. चेडारची पहिली निवळी दाट असते, कढीला आणि भाकरीचं पीठ मळायला चांगली. गौडाची पहिली एक तृतीयांश तेवढी वेगळी धरून ठेवा, नंतरची पाण्यानं पातळ झालेली असते. ती आमच्याकडं गल्लीतल्या म्हशीच्या पेंडीत जाते.