वॉटरप्रूफ म्हणून घेतलेला लाकडाचा गम, दोन महिन्यांनी

खुर्चीचा पाय डुगडुगत होता म्हणून हा पांढरा गम आणला, डब्यावर डी3 लिहिलंय (गम पाण्याला किती टिकतो त्याची श्रेणी, आकडा मोठा तितका जास्त टिकतो). आधी साधा वापरायचो, तो ओल लागली की परत पांढरा आणि मऊ पडायचा. दोन्ही पीव्हीए (पॉलिव्हिनाइल ॲसिटेट) प्रकारचेच, म्हणजे पाण्यात प्लास्टिकसारख्या पॉलिमरचे बारीक कण, पाणी लाकडात शोषलं गेलं की कण एकमेकांना चिकटून फिल्म होते. म्हणूनच थंडीत लावू नका, फिल्म नीट होत नाही, खडूसारखी भुकटी राहते, माझा पहिला जोड असाच उकलला आणि मी उगाच गमला शिव्या घातल्या.

दुसऱ्यांदा जुना गम पूर्ण खरवडला (हे कंटाळवाणं काम टाळाल तर नवा गम धरतच नाही), पातळ थर दिला, क्लॅम्प लावून 24 तास हात लावला नाही. आता मस्त घट्ट बसलाय, फरशी पुसताना पाणी लागतं तरी काही नाही. बाहेर पावसात ठेवायचं असेल तर मात्र डी4 बघा, डी3 घरातल्या ओलीपुरताच. आणि बाहेर आलेला गम ओल्या फडक्याने लगेच पुसा, मी एक थेंब विसरलो, तिथे पॉलिश चढलंच नाही, डाग आहे अजून.

कापडावर पण करून बघितला, गादीच्या कव्हरची शिवण. पुठ्ठ्यासारखी कडक झाली, बसलं की टोचते. कापडाला वेगळा मऊ गमच घ्या.

झाकण बेकार आहे, दरवेळी टाचणी घालावी लागते.