‘आधी एक व्हिला करून दाखवा’: सीझनच्या तोंडावर गोव्यात छायाचित्रकार कसे फसतात

चतुर्थी आटोपली की गोव्यात व्हिलांची साफसफाई सुरू होते. पावसाने शेवाळलेले चिऱ्याचे गडगे घासले जातात, स्विमिंग पूल उपसून स्वच्छ होतात, आणि ऑक्टोबर उजाडायच्या आत प्रत्येकाला नवे फोटो हवे असतात. आसगाव, शिवोली, मोरजी, मांद्रे या पट्ट्यात त्या दिवसांत कामाची झुंबड उडते. नव्या छायाचित्रकाराला गाठायला हीच वेळ साधली जाते, आणि बोलणं बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतं: “आमच्याकडे बारा व्हिला आहेत, आधी एक करून दाखवा.”

फोंड्याच्या एका तरुणाच्या बाबतीत घडलं ते असं. लग्नाची कामं करता करता त्याला हॉटेल-व्हिलांच्या कामात शिरायचं होतं. फोन आला तो व्हिलाच्या मालकाचा नव्हे, मालकाच्या वतीने व्हिला सांभाळणाऱ्या एका मॅनेजरचा. व्हिलामागे २५,००० रुपये दर ठरला. त्यातले ५,००० टोकन म्हणून त्याच दिवशी जमा झाले. बाकीचे “बाराही व्हिलांचं बिल एकदम काढू” या बोलीवर राहिले. टोकन पटकन आलं म्हणून मुलाचा विश्वास बसला. खरं तर ते टोकन दराचा फक्त पाचवा हिस्सा होतं, आणि त्यातून त्याचा भाड्याच्या लेन्सचा आणि मदतनिसाचा खर्चच जेमतेम निघाला.

एका व्हिलाचे ३० फोटो म्हणजे काय काम असतं हे बाहेरच्याला कळत नाही. सकाळी पोहोचल्यावर कॅमेरा बॅगेतून लगेच काढता येत नाही. एसी खोलीतून दमट हवेत आणला की लेन्सवर बाष्प धरतं, म्हणून बंद बॅगेत अर्धा तास ठेवावा लागतो. मग प्रत्येक खोलीत ट्रायपॉड लावून दोन-दोन स्टॉपच्या अंतराने पाच एक्स्पोजर घ्यायची, म्हणजे तोच फोटो उजेड कमी-जास्त करून पाच वेळा काढायचा. वर छताला फ्लॅश मारून एक-दोन फ्रेम वेगळ्या. खिडकीबाहेरचे माड पांढरेफटक होऊ नयेत आणि आतलं लाकूड काळं पडू नये, यासाठी हा सगळा खटाटोप. संध्याकाळी स्विमिंग पूलचा तो निळ्या उजेडातला फोटो मिळायला जेमतेम वीस मिनिटं असतात. तेवढ्यात घरातला एखादा बल्ब गेलेला निघाला तर तो दिवस फुकट. त्यानंतर एडिटिंगचे दोन-अडीच दिवस. हे सारं त्याने मन लावून केलं, आणि काम खरोखर उत्तम झालं होतं.

मॅनेजरचा निरोप आला: “मालकांना दाखवायचे आहेत. वॉटरमार्क नको, वाईट दिसतो. लहान साइज चालेल.” मुलाने २,००० पिक्सेल रुंदीचे तीसही फोटो पाठवले. मोठ्या फाइल्स आपल्याकडेच आहेत, पैसे आल्याशिवाय देणार नाही, असा त्याचा हिशेब. पण बुकिंगच्या साइटला किंवा इन्स्टाग्रामला मोठी फाइल लागतेच कशाला? मोबाइलच्या पडद्यावर हजार-दीड हजार पिक्सेल भरपूर होतात. ज्याला तो नमुना समजत होता, तोच समोरच्याच्या दृष्टीने पूर्ण माल होता.

पुढचे तीन आठवडे “मालकांना आकाश जरा निळं हवंय”, “दुसऱ्या बेडरूमच्या उशा सरळ करा” अशा दुरुस्त्यांत गेले. दुरुस्त्या चालू असल्या की माणसाला वाटतं काम जिवंत आहे. नंतर पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आला, खात्यात मात्र काही आलं नाही, आणि मग नंबर बंद. फोटो तोवर बुकिंगच्या साइटवर चढले होते. मालकाला गाठलं तर तो म्हणाला, “मी मॅनेजरला पैसे दिलेत. तुम्हाला मी ओळखत नाही.” मालक खरं बोलत असेलही. मुलाकडे मालकाच्या नावाचा एक कागद नव्हता.

म्हणून पहिली गोष्ट: काम कोणासाठी करतोय, हे कोटेशनवर नावानिशी आलं पाहिजे. मधला माणूस असेल तर मालकाचा एक ईमेल मागावा, की अमुक माणसाला माझ्या वतीने काम द्यायचा अधिकार आहे. बिलासाठी जीएसटी नंबर मागितला की अर्ध्या गोष्टी आपोआप उघड होतात. तो १५ अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, गोव्याचे ३०, महाराष्ट्राचे २७, दिल्लीचे ०७. पुढची दहा अक्षरं पॅनची. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो नंबर टाकला की कायदेशीर नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, दोन्ही दिसतं. गोव्यात पर्यटकांना घर भाड्याने द्यायचं तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंद लागते. तो नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नये. ज्याचं सरळ आहे तो दोन मिनिटांत पाठवतो.

पैशांचे टप्पे असे पाडावेत की कुठल्याही क्षणी काम थांबलं तरी आपला खर्च वसूल झालेला असेल: तारीख पक्की करताना निम्मे, शूट संपल्यावर व्हिलाच्या फाटकाबाहेर पडण्याआधी ३० टक्के, आणि नमुने पसंत पडल्यावर, मूळ फाइल्स देण्याआधी, उरलेले २० टक्के. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या, त्यापुढे दर फोटोमागे वेगळे पैसे. बारा व्हिलांच्या आशेवर पहिल्या व्हिलाचा दर तोडायचा नाही. सवलत द्यायचीच तर ती बाराव्या व्हिलाच्या बिलात.

नमुने ८०० पिक्सेलचे, एका पानावर सहा-आठ फोटो बसवून पीडीएफमध्ये. वॉटरमार्क कोपऱ्यात घातला तर कापून टाकतात, आणि साध्या भिंतीवर किंवा आकाशावर घातला तर हल्लीची ॲप्स तो क्षणात पुसतात. तो फोटोच्या मधोमध, फर्निचर आणि फरशीच्या बारीक नक्षीवरून गेला पाहिजे. कॅमेऱ्यातच नाव-कॉपीराइटची नोंद भरून ठेवावी; मात्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ती माहिती गळून पडते, तेव्हा तिच्यावर विसंबू नये.

आता एक गैरसमज, जो अनुभवी लोकांतही दिसतो. “फोटो मी काढला, म्हणजे कॉपीराइट माझाच.” १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ नीट वाचावं. फोटो काढणारा हाच कर्ता, हे खरं. पण कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला असेल, तर उलट करार नसल्यास पहिला मालक काम देणारा ठरतो. म्हणजे कागद नसेल तर कायदा आपल्या बाजूला झुकलेला नाही. कोटेशनमध्येच लिहावं: “कॉपीराइट छायाचित्रकाराकडेच राहील. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावर अमुक व्हिलाच्या स्वतःच्या वेबसाइट, बुकिंग साइट व सोशल मीडियासाठी २ वर्षं वापराची परवानगी.” त्याखाली काम देणाऱ्याची सही घ्यावी. नाहीतर एकदा मोजलेल्या पैशांत तेच फोटो आर्किटेक्ट वापरतो, इंटिरिअरवाला वापरतो, स्विमिंग पूलच्या टाइल्स विकणारासुद्धा वापरतो. हक्क लिहून देताना मुदत घालायची राहिली तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी, काम घेण्यापूर्वीच करून ठेवावी, नंतर केलेली जुन्या बिलाला लागू पडत नाही. ती फुकट होते. पैसे मागणाऱ्या साइट सरकारी नव्हेत. नोंदणी असली की २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी मुदत ठरली असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि ठरली नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ही एक ओळ छापली की पुष्कळ हिशेबनीस पैसे अडवायला कचरतात.

चेक मिळाला आणि परत आला तर तारखा सांभाळा: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून चेक देणाऱ्याला पैसे भरायला १५ दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात न्यायालयात तक्रार. “पुढच्या आठवड्यात देतो बाब” यावर थांबून लोक पहिले ३० दिवस घालवतात.

फोनवरची फसवणूक वेगळी, पण तीही छायाचित्रकारांना वारंवार गाठते. लष्करातला अधिकारी बोलतोय असं सांगून शूट ठरवतात, “आमची पेमेंटची पद्धत अशी आहे” म्हणून क्यूआर कोड पाठवतात. पैसे यायचे असतील तर कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन तर मुळीच नाही. पिन टाकला की पैसे जातातच. दुसरा प्रकार, ४०,००० चुकून जास्त आले असं सांगून परत मागणं: बँकेसारखा दिसणारा मेसेज खोटा असतो, म्हणून शिल्लक बँकेच्या ॲपमध्ये बघितल्याशिवाय एक रुपया परत करू नये. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावावा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता सर्वाधिक असते.

कॅमेरा-लेन्स भाड्याने देणाऱ्यांनी घेणाऱ्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स पुरेशी मानू नये. आधारवरचा क्यूआर यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) ॲपने स्कॅन केला की खरं नाव आणि फोटो दिसतो. वस्तू रात्री गोव्याच्या सीमेवरचा पत्रादेवी किंवा पोळे नाका ओलांडून गेली की ती शोधायला सीरियल नंबर आणि खरेदीचं बिल एवढंच हाताशी उरतं, तेव्हा दोन्हींचा फोटो स्वतःच्या ईमेलवर ठेवावा.

फोंड्याच्या त्या मुलाने रॉ फाइल्स, म्हणजे एडिटिंगआधीच्या कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल्स, पुसल्या नव्हत्या, हे फार बरं झालं. बैठकीच्या खोलीच्या रॉमध्ये काचेच्या सरकत्या दारात त्याचा लाइट स्टँड आणि त्याला टेकवलेली लाल बादली स्पष्ट दिसते. बुकिंग साइटवरच्या फोटोत दोन्ही नाहीत; ती त्याने एडिटिंगमध्ये काढली होती. मालकाच्या वकिलासमोर हे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा “आम्ही दुसऱ्याकडून काढून घेतले” हे बोलणं तिथेच थांबलं.