सी प्रोग्रॅमला एसक्यूलाइट जोडावं की पोस्टग्रेस?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानाचा हिशेब एकाच कॉम्प्युटरवर ठेवायचा असेल, तर मी डोळे झाकून एसक्यूलाइट सांगेन. वेगळा सर्व्हर नाही, लॉगिन नाही. अख्खा डेटाबेस एका फाइलीत. 2000 साली आलेली ही लायब्ररी थेट तुमच्या प्रोग्रॅममध्येच चालते. ओपन, प्रिपेअर (क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा, तयार करणं), बाइंड (तिच्यातल्या प्रश्नचिन्हांच्या जागी माहिती भरणं), मग ओळी संपेपर्यंत स्टेप (एकेक ओळ घेणं) आणि शेवटी फायनलाइज (क्वेरी मोकळी करणं), एवढाच क्रम. एक गोष्ट मात्र वहीत लिहून ठेवा: बाइंड करताना प्रश्नचिन्हांची मोजणी 1 पासून होते, पण उत्तरातले कॉलम 0 पासून. शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीवर पोत्यांच्या जागी दर छापला गेला, तर आधी इथंच बघा.

पोस्टग्रेस या डेटाबेससाठी लिबपीक्यू ही सी लायब्ररी. इथं सर्व्हर वेगळा, म्हणून होस्ट, डेटाबेसचं नाव, युजर सगळं द्यावं लागतं. पोर्ट सहसा 5432. उत्तरातले आकडेसुद्धा साधारणपणे मजकूर म्हणूनच येतात, ते आपण बदलून घ्यायचे. आणि प्रत्येक उत्तर क्लिअर केलं नाही, तर दिवसभर चालणारा प्रोग्रॅम मेमरी खात सुटतो.

एवढा खटाटोप कशासाठी? सौद्याच्या वेळी चार काउंटरवरून एकदम नोंदी पडतात म्हणून. एसक्यूलाइट एका वेळी एकालाच लिहू देतं, आणि ती फाइल नेटवर्कवर शेअर करून चालवणं तर धोक्याचंच.

दोन्हीकडे शेतकऱ्याचं नाव स्प्रिंटएफनं (सीमधलं मजकूर जुळवणारं फंक्शन) क्वेरीत चिकटवू नका. पॅरामीटरनंच, म्हणजे क्वेरीच्या मजकुरापासून वेगळं, पाठवा, नाहीतर नावात एखादं अवतरणचिन्ह आलं की क्वेरी मोडलीच.