सिंगापूरमध्ये पहिल्यांदा व्हिएतनामी खायचंय? मॉलमध्ये जाऊ की जू चियातला?

नवीन आलेले आपले लोक मला हा प्रश्न हमखास विचारतात, कारण पाच वर्षांपूर्वी मी पण याच घोळात होते. मॉलमध्ये एसी, फोटोवाला मेनू, सगळं इंग्लिशमध्ये. जू चियात रोडवर एकाला लागून एक व्हिएतनामी हॉटेलं, फुटपाथच्या कडेला टेबलं, आणि आजूबाजूला सगळे व्हिएतनामी बोलणारे. माझं मत आधीच सांगून टाकते, चिकन-मासे खात असाल आणि फक्त एकदाच जाऊन बघायचं असेल तर जू चियातलाच जा. पण सगळ्यांसाठी तेच बरोबर असं नाही, ते का ते सांगते.

मुख्य गोष्ट फोचा रस्सा. फो म्हणजे तांदळाच्या नूडल्सचं सूप, बहुतेकदा बीफचं. हाडं तासन्‌तास मंद उकळत ठेवतात, त्यात चक्रीफूल, दालचिनी, लवंग, धणे, मसाला वेलचीसारखी एक मोठी वेलची, आणि आलं नि कांदा चांगला काळा होईपर्यंत भाजून घातलेला. आपण वाटणासाठी गॅसवर कांदा भाजतो ना, अगदी तोच वास. पहिल्यांदा वाफ नाकात गेली तेव्हा मला एकदम घरच्या मसाल्याच्या डब्याची आठवण आली, आणि चव मात्र पूर्ण वेगळी, स्वच्छ, हलकी, तेलाचा तवंग नाही की तिखट नाही. जू चियातला मी जिथे जाते तिथे हा रस्सा इतका गरम येतो की वरचे मांसाचे पातळ काप बोलमध्येच शिजतात. मॉलमध्ये मी दोन-तीन चेन ट्राय केल्या, एका ठिकाणी तर रस्सा कोमटच होता, नूडल्सचा गोळा झालेला आणि चव म्हणाल तर साखर आणि मीठ. पण सगळेच मॉलवाले तसे नाहीत, एका ठिकाणी बरा पण मिळाला.

दुसरं म्हणजे पाला. दक्षिणेकडच्या, म्हणजे सायगॉन पद्धतीच्या फोबरोबर एक ताटली येते, मोड आलेले मूग, त्यांची तुळस, लांबट करवती पानांची कोथिंबीर, लिंबू, मिरची. हनोईकडचा फो साधा असतो, वर भरपूर पातीचा कांदा आणि बाजूला लसूण घातलेलं व्हिनेगर, एवढंच. त्यामुळे ताटली आली नाही म्हणून लगेच नाराज होऊ नका, आधी कुठल्या पद्धतीचा आहे ते बघा. मला पहिल्या वेळी काहीच कळत नव्हतं, मी सगळा पाला एकदम बोलमध्ये ढकलत होते तर तिथल्या बाईंनी माझा हात थांबवला, पानं तोडून थोडी थोडी टाकून दाखवली, लिंबू पिळायच्या आधी नुसता रस्सा चमच्याने प्यायला लावला. तेव्हापासून मी तसंच खाते. त्या लोकांत वयाने मोठ्या बाईला ‘ची’ म्हणतात, म्हणजे ताई, हाक मारायची तर ‘ची ओय’, अगदी आपल्या ‘ओ ताई’सारखं! ते म्हणून बघा, चेहराच खुलतो समोरच्याचा.

पैशांचं बघू. मॉलमध्ये मेनूवर 13 डॉलर लिहिलं असेल तर त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि वरून 9 टक्के जीएसटी, म्हणजे साडेपंधराच्या वरच जातं, आणि कधी कधी ओल्या टिश्यूचे पण पैसे लावतात. मी जाते त्या छोट्या ठिकाणी बोर्डवरचा आकडा तेवढाच द्यायचा.

आता व्हेज लोकांचं, इथे नीट वाचा. व्हिएतनामी स्वयंपाकात नुओक माम, म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेला सॉस, जवळजवळ सगळीकडे असतो. मी एकदा मैत्रिणीला घेऊन एका छोट्या ठिकाणी गेले, ‘नो मीट’ सांगितलं, त्यांनी टोफूवाल्या नूडल्स दिल्या, आणि वाटीतल्या सॉसला मासळीचा वास! तिने अर्धं खाल्लेलं, खूप वाईट वाटलं मला. तिथल्या मुलीची पण चूक म्हणता येणार नाही, मांस नव्हतंच ना त्यात. शब्द वापरायचा तो ‘चाय’. त्याचा चहाशी काही संबंध नाही, त्यांच्याकडे चाय म्हणजे शाकाहारी, बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी चाय खातात, त्यामुळे तो शब्द त्यांना पक्का कळतो. तरी नुओक मामचं वेगळं विचाराच. आईबाबा आलेत आणि ते कडक शाकाहारी आहेत तर मी सरळ मॉलमध्येच नेते, तिथे मेनूवर खूण असते आणि निवांत विचारता येतं. बीफ खात नसाल तर फो गा, म्हणजे चिकनचा मागवा, पण रस्सा पण चिकनचाच आहे ना हे विचारून घ्या. बुन चा, म्हणजे भाजलेलं मांस आणि नूडल्स, छान लागतं पण ते पोर्कचं असतं.

लहान मुलं बरोबर असतील तर बान सेओ मागवा. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध, पिवळाधमक दिसतो म्हणून लोकांना ऑम्लेट वाटतं पण खरं तर आपल्या घावनाचा कुरकुरीत भाऊ, आत कोळंबी, बहुतेकदा पोर्क आणि मोड. ‘सेओ’ हा तव्यावर पीठ पडल्यावर होणारा चर्र आवाज! लेट्यूसच्या पानात गुंडाळून सॉसमध्ये बुडवून खायचा. हा मॉलमध्ये बऱ्याचदा मऊ पडलेला येतो, जू चियातला तव्यावरून थेट.

जायचं कसं, तर पाया लेबार एमआरटी, म्हणजे मेट्रो स्टेशनला उतरून पंधरा मिनिटं चालत. शनिवारी रात्री टेबल मिळायला वेळ लागतो, त्यामुळे रविवारी सकाळी अकराच्या आसपास जा, रस्सा ताजा असतो, गर्दी कमी. आणि शेवटी काफे सुआ दा घ्याच, खाली कंडेन्स्ड मिल्क, वरून फिनमधून, म्हणजे कपावर ठेवायच्या धातूच्या छोट्या गाळणीतून, थेंब थेंब पडणारी काळी कडक कॉफी, मग बर्फ. घाई करू नका, तो शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबा आणि मगच ढवळा.