थैल्या मोठ्या की चौकट लहान?

सरकार आणि धनदांडग्यांचं साटंलोटं व्यंगचित्रात दोन तऱ्हांनी येतं.

पहिली तऱ्हा जोसेफ केप्लरची. १८८९ साली अमेरिकेतल्या ‘पक’ साप्ताहिकात त्यानं सिनेट सभागृह काढलं. मागे पोलाद, तांबं, तेल, साखर यांच्या मक्तेदारांच्या माणसाएवढ्या नव्हे, राक्षसाएवढ्या थैल्या उभ्या आणि पुढे बोटभर सिनेटर. थैल्यांसाठी दार सताड उघडं, जनतेच्या दाराला मात्र कुलूप. पुढच्याच वर्षी मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा झाला. (श्रेय चित्राला देऊ नये, पण हवा तीच होती.)

दुसरी तऱ्हा आर. के. लक्ष्मण यांची: १९५१ पासून रोज एक छोटी चौकट, चौकड्यांच्या कोटातला, धोतरातला मुका सामान्य माणूस आणि बडबडणारे पुढारी. इथं थैली दिसतच नाही, तिच्याबद्दलचं बोलणं तेवढं ऐकू येतं.

विषय सिनेमा स्टुडिओला द्यायच्या जमिनीचा असेल तर मी लक्ष्मणांकडे जाईन. स्टुडिओ नुसती थैली घेऊन येत नाही, नटनट्या घेऊन येतो. फाईल विसरून फोटोसाठी कोट सावरणारा मंत्री छोट्या चौकटीतच शोभतो. केप्लरच्या भव्य पटात ती गंमत हरवते.

पण नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर मोर्चा न्यायचा, फलक रंगवायचा, तर केप्लरच बरा बाप्पा. यशवंत स्टेडियमवरून निघालेल्या गर्दीत छोटी चौकट दुसऱ्या रांगेलाही दिसायची नाही.